बारडोलीच्या व्याहीबुवांना, कॉन्टेसाविषयी

उधना, सुरत
२ फेब्रुवारी २०२५

व्याहीबुवा भाईदासजी,

दोन्ही हात जोडून. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे आहेत, पण मुलीच्या बापाने ते जोडायचे असतात म्हणून जोडले आहेत.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचता, आणि वाचून गप्प बसता. मग म्हटलं, पत्रच लिहावं. फाडून टाकायला तरी हातात घ्यावं लागेल.

काम असं आहे की हर्षदाला चौथा महिना सरत आला. माझी एकुलती एक मुलगी, तुमची सून. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे उधन्यात व्हायचं आहे. यात वादाला जागा नव्हती. ती तुम्ही तयार केलीत. भाऊबीजेला आमच्या गल्लीत, दोन्हीकडच्या पंचवीस माणसांसमोर, तुम्ही म्हणालात, "ही गाडी स्वतःच्या चाकांवर बारडोलीला येईल त्या दिवशी सूनबाई तिच्यात बसून माहेरी येईल. त्याआधी नाही." रागात माणूस बोलतो. मीही बोललो. मी काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही, कारण त्याने कुणाचं भलं होणार नाही.

पण एक आठवण करून देतो, आठवण करून देणं हा माझा स्वभावच आहे. आमच्या लूमखात्याच्या शेठने मला निवृत्तीच्या दिवशी ती कॉन्टेसा दिली तेव्हा ती पर्वत पाटियाच्या त्याच्या गोदामात सुरतच्या पुरापासून तशीच पडून होती. डिकीत उंदरांचा संसार होता. ती नको म्हणून मी निघालो होतो. तुम्ही बोनटवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "काशिनाथराव, एवढ्या लांब नाकाची गाडी आता कुणी करत नाही. आपण दोघं हिला उभी करू." टेम्पोला दोरी लावून ती आपण उधन्याला ओढून आणली, स्टिअरिंगवर तुम्ही होता, आणि गल्लीत शिरताना नसलेला हॉर्न तोंडाने वाजवत होता. पहिल्या बाळंतपणाला सुनेला याच गाडीतून पाठवीन, हे तुम्ही त्या दिवशी हसत म्हणाला होता. तेच वाक्य भाऊबीजेला दात ओठ खाऊन म्हणालात.

गाडीची हकीकत: स्टार्टर फिरतो, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. फट्ट असा आवाज होतो आणि कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ येतो. कार्बोरेटर मी चार वेळा उघडून धुतला. आता तो माझ्या ताटवाटीपेक्षा स्वच्छ आहे.

प्लगच्या चार वायरींना तुम्ही कापडाच्या चिठ्ठ्या बांधून नंबर घातले होते. त्या नंबरांतच घोळ आहे असं माझं मत अजूनही आहे. ते नंबर टिपलेली तुमची वही तुम्ही रागात घेऊन गेलात. ती पाठवलीत तर निकाल लागेल.

आपला,
काशिनाथ


२३ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

वही आली नाही. उत्तरही आलं नाही. पत्र मात्र पोचलं, हे हर्षदाकडून कळलं. तुम्ही ते जेवणाच्या आधी वाचलंत आणि मग भाकरी अर्धी ठेवून उठलात म्हणे. असं करू नका, वय झालं आपलं.

या तीन आठवड्यांत मी कॉइल बदलली, पॉइंट बदलले, चारही प्लग नवे घातले. कॉन्टेसाचे सुटे भाग मिळवायला भंगारवाल्यांच्या दारात मी इतका उभा राहिलोय की एकाने मला भिकारी समजून पाणी दिलं. घरी येऊन जोडाजोड केली, धुरपदाबाईंना चावी फिरवायला बसवलं, आणि पुन्हा तेच. फट्ट. जाळ. धुरपदाबाई दार उघडून उतरल्या आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं न बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मेकॅनिकला दाखवा, असं सगळी गल्ली सांगते. दाखवणार नाही. बाहेरचा हात लावायचा नाही असं आपलं ठरलं होतं, ते मी मोडणार नाही. खरं सांगायचं तर दोघांनाही पेट्रोलच्या इंजिनाचा गंध नव्हता. तुमचं आयुष्य साखर कारखान्याच्या वर्कशॉपात रोलर आणि डिझेलच्या ट्रॅक्टरांत गेलं, माझं लूमखात्यात यंत्रमागांची शटल आणि पट्टे लावण्यात. पण यंत्र म्हणजे यंत्र, एवढ्या भरवशावर आपण दर रविवारी ती गाडी उघडत गेलो. तुम्ही सकाळच्या बसने यायचात, डब्यात शेव-भाजी असायची, आणि संध्याकाळी परत जाताना एखादा नट चुकून खिशात न्यायचात. ते रविवार बरे होते. आता रविवारी मी एकटाच गाडीखाली पडून एकट्याशीच भांडतो, आणि त्यातही हरतो.

हर्षदाचा काल फोन होता. "आप्पा, नाना म्हणत होते की पहिला नंबर..." असं काहीतरी सुरू केलं तिने. मी तिथेच थांबवलं. म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना तोंड आहे, हात आहे, पेन आहे. तू मध्ये निरोप्या होऊ नकोस. पोटुशी बाई आहेस, दोन म्हाताऱ्यांच्या मधे कशाला येतेस. तिने आईला फोन द्यायला सांगितलं. मी बरोबरच बोललो.

मिशी नीट आली का, असं धुरपदाबाईंनी विचारलं आहे. भाऊबीजेला गाडी सुरू करताना जाळाने तिचं उजवं टोक गेलं तेव्हा मी हसलो, हे मान्य. समोर कुणीही असता तरी हसलो असतो.

काशिनाथ


६ एप्रिल

भाईदासजी,

पेट्रोल पंप उघडला. टाकी उतरवून आतून घासली. टायमिंग पुन्हा लावलं. आपल्या गल्लीतले गुजराती शेजारी आता चावीच्या आवाजाला खिडकीत येऊन उभे राहतात. समोरच्या बाई परवा म्हणाल्या, "काशीकाका, आ गाडी छे के फटाकडो?" मी हसून दाखवलं. आत जाऊन पान्हा भिंतीवर फेकला, आणि मग भिंतीचा पोपडा निघाला म्हणून बोलणी खाल्ली.

मला राग कुणाचा येतो तेच कळेनासं झालंय. गाडीचा, तुमचा, की सगळा जन्म यंत्रांत घालवून चार प्लगांचं इंजिन पेटवता येत नाही त्या माझा. खात्यात मी नुसत्या आवाजावरून सांगायचो कोणत्या लूमचा कोणता पट्टा सैल आहे. आणि ही बया माझ्याशी बोलतच नाही.

आता मुद्द्याचं. तीस तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. आपण खानदेशातले, तुम्हाला आखाजी काय ते मी सांगायला नको. लेक त्या दिवशी माहेरी नसली तर घराला सुतक असल्यासारखं वाटतं. लग्नानंतरच्या दोन्ही आखाज्यांना हर्षदा इथे होती. या वर्षी तर ती दोन जिवांची. गाडीची अट आखाजीपुरती बाजूला ठेवा. मी बसने येऊन तिला घेऊन जातो, किंवा जावईबापू योगेंद्ररावांनी मोटारसायकल सोडून चांगली जीप करून आणावं. चार दिवसांनी परत पाठवतो. बाळंतपणाचं नंतर बघू.

आणि भाऊबीजेला मी जे बोललो ते आता लिहूनच टाकतो, कारण तुम्ही ते विसरला नाहीत आणि मीही विसरलेलो नाही. मी म्हणालो, "ज्याला चरकात ऊस कुठून घालायचा एवढंच कळतं, त्याने मोटारीच्या वायरींना चिठ्ठ्या बांधू नयेत." तुमच्या भावांसमोर बोललो. जळक्या मिशीवर हात ठेवून तुम्ही उभे होता तेव्हा बोललो. माणूस म्हणून ते चुकलं. पण चिठ्ठ्या चुकीच्याच होत्या, फिटर म्हणून मी त्यावर ठाम आहे.

आखाजीचं तेवढं बघा. धुरपदाबाईंनी झोक्याचा दोर आत्ताच धुवून वाळत घातलाय.

काशिनाथ


२ मे

आखाजी झाली. तुमच्याकडे पुरणपोळी झाली असेल.

इथे झोका बांधला होता. त्यावर दिवसभर शेजारची पोरं बसली. धुरपदाबाईंनी सांजोऱ्या केल्या, त्या अजून डब्यात आहेत, कुणी हात लावला नाही. मी सकाळीच गाडीखाली शिरलो. त्या दिवशी घरात बसवत नव्हतं म्हणून शिरलो, काम काही नव्हतं. दुपारी त्या बाहेर आल्या आणि गाडीच्या टपावर थाळीसारखा हात आपटून म्हणाल्या, "आखाजीले आंडेर घरमा नही, आनि तुम्ही गाडीखाल घुसी ऱ्हायनात! गाडी तुमनी शे, पोर मनी शे. तुमना याहीले सांगा, माले तुमन्या गाडीशी काही लेनंदेनं नही."

तुम्हाला सांगा म्हणाल्या, म्हणून सांगितलं.

मी तुमच्या पाया पडायचा बाकी होतो, भाईदासजी. लिहिलं त्यापेक्षा जास्त वाकायला मला येत नाही. मुलीचा बाप झालो म्हणून किती वाकवणार? तुम्हाला शब्द मोठा वाटतो, मला मुलगी. तिचे पाय सुजतात, असं ती परवा आईला म्हणाली. मला नाही म्हणाली. मला आता ती फोनवर फक्त "जेवलात का" एवढंच विचारते.

सही करत नाही. कोणाचं पत्र आहे ते कळेलच.


११ मे

व्याहीबुवा!

सुरू झाली.

आज सकाळी साडेनऊला, पहिल्या चावीत. असा आवाज आहे की काय सांगू. खोल, शांत, खात्यातल्या सगळ्या लूम एकदम बंद झाल्यावर कानात जो उरतो ना, तसा. धुरपदाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. फटाकडावाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, मग उधना दरवाजापर्यंत जाऊन आलो. सिग्नलला एक पोरगा बुलेटवरून खाली वाकून बघत राहिला, सिग्नल सुटला तरी बघत राहिला.

दोष म्हणाल तर किरकोळ होता. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला होता. तो काढला.

आता तुमचा शब्द आणि माझी गाडी. येत्या रविवारी, अठरा तारखेला, सकाळी मी बारडोलीत तुमच्या दारात हजर. तुम्हीच चालवा परत येताना. हर्षदाला मागे गादी घालून देतो, उशा घेतल्यात. बॅग भरून ठेवायला सांगा.

मागच्या पत्रात सही राहिली होती. या पत्रात दोनदा करतो.

काशिनाथ
काशिनाथ


१५ मे

भाईदासजी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जेटमध्ये कचरा नव्हता.

गेल्या शुक्रवारी शेठचा निरोप आला की एक नंबरच्या लूमचा शटल फेकणारा पिकर तुटतोय, नव्या फिटरला जमत नाही, काशिनाथला बोलवा. निवृत्त माणसाला कुणी बोलावलं की तो धावतो. गेलो, एक नंबरची लूम उघडली. तास झाला, दीड तास झाला. पिकर चांगला, पट्टा चांगला, काही म्हणता काही सापडेना. मी तोंडाने शिव्या घालतोय, आणि तिकडून प्रदीप आला. ओडिशाचा कारीगर, वीस वर्षं माझ्या हाताखाली विणकाम केलेला माणूस. म्हणाला, "चाचा, आप अच्छी मशीन क्यों खोल दिए? एक नंबर तो उधर है। अब दरवाजे से गिनते हैं।"

आमच्या खात्यात आम्ही कायम कारीगर जिथे उभा राहतो त्या बाजूने मोजत आलो. कारीगराच्या जवळची ती पहिली. नव्या मॅनेजरने दाराकडून नंबर घातले होते. मी दीड तास धडधाकट यंत्र खोलून बसलो होतो.

तिथेच, त्या उघड्या लूमसमोर, मी पान्हा खाली ठेवला. गाडीतही मी तेच केलं होतं. तुम्ही चिठ्ठी बांधली 'एक'. मी ती वायर कारीगराच्या जवळच्या सिलिंडरला लावली, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या. तुम्ही आयुष्यभर रोलर मोजले ते ऊस जिथून आत जातो तिथून. गाडीत वारा जिथून आत येतो तिथून तुम्ही मोजलंत, रेडिएटरकडून. सगळ्या जगातले मोटारवाले तिथूनच मोजतात, हे मला आता कळलं. चारही वायरी उलट्या बसल्या होत्या. ठिणगी पडत होती, पण इंजिन श्वास सोडत असताना पडत होती. रविवारी सकाळी मी चारही वायरींची अदलाबदल केली, पाच मिनिटं लागली, आणि ती सुरू झाली.

चिठ्ठ्या बरोबर होत्या. तुमची मिशी माझ्यामुळे जळली. आणि ज्या तोंडाने मी ऊस कुठून घालायचा म्हणून तुम्हाला हिणवलं, त्याच ज्ञानाने ती गाडी चालू झाली असती, भाऊबीजेलाच.

हे मी अकरा तारखेला लिहायला हवं होतं. पेन हातात होतं. जेट असं लिहून गेलो.

काल हर्षदाला फोन करून हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. मग म्हणाली, "आप्पा, मी हेच सांगत होते फेब्रुवारीत. नानांनी तुमचं पत्र वाचलं आणि त्याच रात्री वही काढून बसले. मला म्हणाले, तुझे वडील नंबर उलट्या बाजूने मोजतायत, सांग त्यांना. मी फोन केला. तुम्ही म्हणालात, निरोप्या होऊ नकोस."

मी म्हटलं, मग पुन्हा का नाही सांगितलंस? म्हणाली, "नानांनी नको म्हटलं. म्हणाले, पंचवीस माणसांसमोर चूक माझ्या नावावर टाकली, ती आता त्यांनी स्वतः उचलावी. आणि मलाही वाटलं, आप्पा, की एकदा तरी तुम्ही माझं पुरतं ऐकून घ्यायला हवं होतं."

तुमच्यावर चिडायला मी जागा शोधली. दोन ओळी लिहून टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मनात आलंच. पण तुम्ही निरोप पाठवला होता. दार मी लावलं.

मग मी तिला विचारलं की रविवारसाठी बॅग भरली का. तेव्हा तिने ते सांगितलं. मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब वाढलाय, आठवा लागलाय, आता प्रवास बंद. ना बस, ना जीप, ना गादी घातलेली कॉन्टेसा. बाळंतपण बारडोलीतच. तीन महिन्यांपूर्वी निघाली असती तर आज ती इथे आईजवळ पाय वर करून पडली असती. हे ती म्हणाली नाही. हे मी म्हणतोय.

धुरपदाबाईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. सांजोऱ्यांचा डबा उघडून बघितला, खराब झाल्या होत्या, त्या टाकून दिल्या आणि पीठ चाळायला बसल्या. म्हणाल्या, "मी जास बारडोलीले. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

लग्नाला अडीच वर्षं झाली. इतक्या वेळा मी तुमच्या घरी आलो, पण तुमच्याकडचं पाणीसुद्धा प्यायलो नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, असं माझ्या आईने मला शिकवलं होतं, आणि तुम्ही दरवेळी चहा पुढे करून परत न्यायचात, कधी वाईट वाटून घेतलं नाहीत. आता तेच मोडून मी तुमच्या दारात येऊ म्हणतो. एका दिवसासाठी नाही. बाळ होईपर्यंत आणि त्यानंतरचा सव्वा महिना. धुरपदाबाई तिचं सगळं करतील, डोक्याच्या तेलापासून बाळाच्या अंघोळीपर्यंत. मला कुठेही पडायला चालेल, ओट्यावरही. तुमच्या ताटात जे पडेल ते खाईन. भाऊबीजेला जे लोक होते त्यांतले जे तुमच्या गावात आहेत त्यांना बोलवा, त्यांच्यासमोर मी सांगेन की चूक माझी होती. बोलावलं नाहीत तर मी घरोघरी जाऊन सांगेन.

गाडी इथे ठेवतो. आम्ही बसने येऊ.

मुलीला माहेरी आणणं मला जमलं नाही, भाईदासजी. तिचं माहेर तुमच्या घरात ठेवून घ्याल का?

तुमचा,
काशिनाथ